महालक्ष्मी एक्स्प्रेसने शेरूला मुंबईला नेलं, त्याचा माझा अनुभव

शेरू आमचा जर्मन शेफर्ड. गार्डच्या डब्यातल्या पेटीत त्याला एकट्याला कोंडायचं, हे माझ्या जिवाला पटेना. मग सांगलीहून महालक्ष्मी एक्स्प्रेसची फर्स्ट एसीची दोन तिकिटं एकाच पीएनआरवर काढली आणि दोन बर्थचा कूपे, म्हणजे दार लावता येणारी स्वतंत्र खोली, मिळावा म्हणून रेल्वेकडे लेखी अर्ज दिला. कूपे चार्ट लागल्यावरच कळतो, तोवर जीव टांगणीला! लसीकरणाचं कार्ड आणि डॉक्टरांचा फिटनेस दाखला घेऊन गाडीच्या बऱ्याच आधी पार्सल ऑफिस गाठलं. कुत्र्याची पावती तिथेच होते. जेवण त्याला दुपारीच दिलं, नंतर फक्त पाणी. गाडी हलली तसे त्याचे पाय थरथरायला लागले. खाली त्याचं रोजचं गोणपाट अंथरलं, वास ओळखीचा. सातारा यायच्या आत गाढ झोपला.