फोटोखालची एक ओळ: आपले काम मुक्त परवान्याने कसे द्यावे

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापुरातल्या जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये पुराचे फोटो होते. कुणी गच्चीवरून काढलेले, कुणी बोटीतून, कुणी पाणी ओसरल्यावर भिंतीवर राहिलेल्या चिखलाच्या रेघेचे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, हे इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असते; पण पाणी आपल्या गल्लीत नेमके कोणत्या उंबऱ्यापर्यंत आले होते, याचा पुरावा बहुतेकदा अशा एखाद्या फोटोतच असतो. २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, आणि त्यानंतर वास्तुशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने पूररेषेच्या अभ्यासासाठी माझ्याकडे २०१९ चे फोटो मागितले. माझ्याकडे साठेक फोटो होते, त्यांतले मी स्वतः काढलेले फक्त अकरा. उरलेले व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेले होते. कुणी काढले, कोणत्या दिवशी, कुठे उभे राहून, काहीच कळत नव्हते. तिला ते प्रबंधात छापायचे होते, म्हणून तिने ते सगळे बाजूला ठेवले, आणि तिचे बरोबरच होते. ज्यांनी ते काढले त्यांतल्या बहुतेकांनी आनंदाने ‘वापरा की’ म्हटले असते. पण विचारायचे कुणाला?

ती परवानगी आधीच आणि लेखी देऊन ठेवण्याची जी पद्धत आहे, तिला मुक्त परवाना म्हणतात. फोटो, लेख, कविता, नकाशा, ध्वनिमुद्रण, अभ्यासाच्या टिपणांची पीडीएफ अशा कोणत्याही निर्मितीला तो लावता येतो, त्यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. लागते ते थोडे आधीचे विचारपूर्वक काम.

आधी काम आपले आहे का ते पाहावे

भारतात कॉपीराइट कायदा १९५७ लागू आहे. त्यानुसार निर्मिती झाली की हक्क आपोआप निर्माण होतो. नोंदणी बंधनकारक नाही. खासगी अभ्यास, समीक्षा, चालू घडामोडींचे वृत्तांकन यांसाठी कलम ५२ मध्ये काही मोकळीक आहे, परंतु त्यापलीकडे निर्मात्याने काहीच लिहिले नसेल तर परवानगी नाही असेच धरावे लागते. उलट बाजूने पाहिले, तर जो हक्क आपल्याकडे नाही त्याचा परवानाही आपण देऊ शकत नाही, आणि चुका सर्वांत जास्त इथेच होतात.

नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, सामान्यतः नोकरी देणारा असतो. पैसे देऊन काढून घेतलेल्या लग्नाच्या फोटोंचा पहिला मालक, पुन्हा वेगळा करार नसेल तर, फोटोग्राफर नसून काढून घेणारे कुटुंब असते, हे आपल्याकडच्या कित्येक स्टुडिओवाल्यांनाही नवे वाटते. दोघांनी मिळून लिहिलेल्या पुस्तिकेला दोघांचीही संमती हवी. प्रकाशकाशी करार झाला असेल तर तो कागद काढून वाचावा: हक्क किती काळासाठी दिले ते त्यात लिहिलेले नसेल तर कायदा तो काळ पाच वर्षांचा धरतो, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता.

फोटोत काय आहे हेही पाहावे लागते. दसरा चौकातील राजर्षी शाहू महाराजांच्या पुतळ्यासारखे शिल्प सार्वजनिक जागी कायमचे उभे असते, आणि अशा शिल्पाचा किंवा इमारतीचा फोटो काढून प्रसिद्ध करण्यास कायद्यानेच मुभा दिलेली आहे. भिंतीवर रंगवलेले चित्र मात्र त्या मुभेत येत नाही, आणि गणेशोत्सवातील मूर्ती कायमस्वरूपी नसल्याने तिलाही ती मुभा लागू पडत नाही. अशा वेळी चित्रकाराला किंवा मूर्तिकाराला विचारून, त्याचे नाव लिहून पुढे जावे. त्याचे नाव लिहिले जाणे ही एरवीही आपली जबाबदारी आहे, असे मी मानतो.

गाणाऱ्या, वाजवणाऱ्या, पोवाडा सादर करणाऱ्या माणसाचा स्वतंत्र सादरकर्त्याचा हक्क असतो. कागल तालुक्यातल्या माझ्या मावशीच्या जात्यावरच्या ओव्या मी ध्वनिमुद्रित केल्या, तेव्हा जाते थांबवून आधी तिला सगळे समजावून सांगितले: हे गावाबाहेर जाईल, अनोळखी लोक ऐकतील, कुणी पुस्तकात छापतील, कदाचित विकतीलही. तिने थोडा विचार केला आणि रेकॉर्डर सुरू झाल्यावर स्वतःचे नाव, गाव आणि तारीख सांगून म्हणाली, “कुणीबी ऐकूदे, छापूदे, पण माझं नाव घाला.” ते वाक्य त्या ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीलाच आहे. पुढे तेच कागदावर लिहून तिची सही घेतली, कारण परवाना लेखी असावा असे कायद्याचे कलम ३० सांगते. तिच्या त्या वाक्यात मुक्त परवान्याचे मर्म जसेच्या तसे आले आहे.

परवाना निवडणे

मुक्त परवान्यांचे तयार मजकूर देणारी क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) ही संस्था २००१ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली आणि तिचे पहिले परवाने डिसेंबर २००२ मध्ये आले. आज वापरावी ती आवृत्ती ४.०, जी नोव्हेंबर २०१३ पासून उपलब्ध आहे आणि देशोदेशी एकच मजकूर म्हणून चालते. या परवान्यांत चार अटी आहेत. ‘बाय’ म्हणजे श्रेय द्यावे. ‘एसए’ म्हणजे यावरून काही नवे केले तर तेही याच परवान्याने द्यावे. ‘एनसी’ म्हणजे व्यापारी उपयोग करू नये. ‘एनडी’ म्हणजे बदललेले रूप प्रसिद्ध करू नये. यांच्या जोडणीतून सहा परवाने तयार होतात, आणि श्रेयाची अट सहाही परवान्यांत असते. सातवा पर्याय सीसी झीरो. त्यात श्रेयाची अटही उरत नाही, त्यामुळे आकडेवारी, शब्दयाद्या अशा गोष्टींसाठी तो सोयीचा पडतो.

कॉमन्स या शब्दाला आपल्याकडे गायरान हा जुना शब्द आहे. गायरान सगळ्या गावाचे असते, तरी त्याला रीत असते. कुणीही गुरे चारावीत, पण कुणी कुंपण घालू नये. ‘एसए’ ही अट हेच सांगते, आणि म्हणून लेख, फोटो व ध्वनिमुद्रणे यांसाठी मी सीसी बाय-एसए ४.० सुचवतो. विकिपीडियाचा मजकूरही याच परवान्याने दिला जातो.

‘एनसी’कडे नव्याने येणाऱ्या माणसाचा हात सहज जातो, कारण आपल्या कामावर दुसऱ्याने पैसे मिळवू नयेत ही भावना स्वाभाविक आहे. तरीही ती अट घालण्याआधी तिच्यामुळे कोण अडेल याचा विचार करावा. जाहिरातींवर चालणारा छोटा दिवाळी अंक, पुस्तिका छापून खर्चापुरती किंमत ठेवणारे तालीम मंडळ, शुल्क घेणारा शिकवणीवर्ग, हे सगळे त्या अटीपाशी थबकतात, आणि शंका आली की माणूस वापर टाळतो. विकिपीडियावरचे फोटो जिथे ठेवले जातात ते विकिमीडिया कॉमन्स तर ‘एनसी’ आणि ‘एनडी’ असलेल्या फाइली घेतच नाही. ‘एनडी’चा दुसरा तोटा आपल्या भागात जास्त जाणवतो: भाषांतर हासुद्धा बदलच असल्याने, गडहिंग्लजच्या कुणी लिहिलेला स्थानिक इतिहास निपाणीचा अभ्यासक कन्नडमध्ये आणून प्रसिद्ध करू शकत नाही. मोठी कंपनी नाव न देता आपले काम पळवील ही भीती असेल, तर तिच्यावर श्रेय आणि ‘एसए’ यांचा लगाम पुरेसा आहे.

सॉफ्टवेअरला हे परवाने लावू नयेत, त्यासाठी जीपीएलसारखे वेगळे परवाने आहेत. फॉन्टसाठी एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स आहे. मुक्ता आणि बलू हे देवनागरी फॉन्ट त्याच परवान्याने मिळतात, आणि डीटीपी करणाऱ्यांनी ते निःशंक वापरावेत.

दोन गोष्टी निर्णयाआधी नीट समजून घ्याव्यात. एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. आपण फाइल काढून टाकली तरी ज्याने ती आधी घेतली त्याचा हक्क कॉपीराइटची मुदत संपेपर्यंत राहतो. म्हणून आज मनात शंका असेल तर महिनाभर थांबावे. दुसरे म्हणजे हा परवाना कॉपीराइटपुरताच असतो. फोटोतल्या माणसाच्या खासगीपणाची परवानगी त्यात येत नाही, आणि पुराच्या छावणीतल्या रडणाऱ्या चेहऱ्यांचे किंवा लहान मुलांचे फोटो परवाना लावता येतो एवढ्याच कारणाने वाटू नयेत. तसेच चपलेच्या फोटोला सीसी परवाना दिल्याने कोल्हापुरी चप्पल हे नाव कुणाला मोकळे होत नाही. त्या नावाला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे आणि त्याचा कायदा वेगळा आहे.

परवाना लिहिणे आणि काम ठेवणे

परवान्याची ओळ कामाच्या अंगावरच असावी. पीडीएफ असेल तर दुसऱ्या पानावर, ध्वनिमुद्रण असेल तर वर्णनात, फोटो असेल तर फाइलच्या आतल्या माहितीतही. सीसी बाय-एसएची ओळ अशी लिहावी: ‘© २०२४, (आपले नाव). हे काम क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेयनिर्देशन–समान वाटप ४.० आंतरराष्ट्रीय परवान्याने उपलब्ध आहे.’ तिच्याखाली परवान्याच्या पानाचा दुवा द्यावा. ‘कॉपीराइट फ्री’, ‘सर्वांसाठी खुले’, ‘शेअर करा’ असे शब्द कितीही मनापासून लिहिले तरी त्यांतून काय करता येते आणि काय नाही हे कळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातून आतली माहिती निघून जाते आणि चित्रही दाबले जाते, त्यामुळे मूळ फाइल अशा ठिकाणी ठेवावी की जिथे ओळ आणि चित्र एकमेकांपासून तुटणार नाहीत.

फोटोंसाठी असे ठिकाण म्हणजे २००४ पासून चालू असलेले विकिमीडिया कॉमन्स. खाते उघडून अपलोड विझार्डमध्ये फाइल चढवावी, ‘स्वतःचे काम’ हा पर्याय निवडावा आणि मग नावाकडे लक्ष द्यावे. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचा फोटो कॅमेऱ्याने दिलेल्या आकड्याच्या नावाने चढवला तर तो कुणालाच सापडणार नाही. ‘खिद्रापूर कोपेश्वर मंदिर, स्वर्गमंडपाचे उघडे वर्तुळाकार छत, खालून’ असे नाव द्यावे; वर्णन मराठीत आणि जमल्यास इंग्रजीतही लिहावे; तालुका शिरोळ, तारीख, उभे राहण्याची जागा, कोणत्या दिशेने पाहत होतो ते नोंदवावे; मंदिराचा आणि तालुक्याचा वर्ग (कॅटेगरी) जोडावा. माझे ते अकरा पूरफोटो मी असेच चढवले, आणि प्रत्येकाच्या वर्णनात पाणी कोणत्या पायरीला लागले होते ते लिहिले. तेवढ्या एका वाक्यासाठीच ते फोटो पुढे उपयोगी पडणार आहेत.

तोच फोटो आधी दुसरीकडे प्रसिद्ध झालेला असेल तर कॉमन्सचे स्वयंसेवक ईमेलने मालकीची खातरजमा मागतात. त्यात अविश्वास काही नाही, आपल्याच हक्काचे ते रक्षण आहे. व्हिडिओ एमपी४ स्वरूपात तिथे स्वीकारला जात नाही, तो वेबएम करून घ्यावा. लांब ध्वनिमुद्रणे आणि स्कॅन केलेल्या पुस्तिका इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर ठेवता येतात, तिथे अपलोड करतानाच परवाना निवडण्याची सोय आहे.

दुसऱ्याचे काम घेताना

‘गुगलवरून साभार’ हे श्रेय होत नाही. गुगलने तो फोटो काढलेला नसतो. शीर्षक असेल तर ते, निर्मात्याचे नाव, मूळ पानाचा दुवा, परवान्याचे नाव आणि आपण केलेला बदल एवढे लिहावे, उदाहरणार्थ: ‘रंकाळा, संध्याकाळ, छायाचित्र: (निर्मात्याचे नाव), विकिमीडिया कॉमन्स, सीसी बाय-एसए ४.०, कडा कापल्या आहेत.’ श्रेय चुकून राहिले आणि लक्षात आल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केले, तर ४.० परवान्यात आपला हक्क पुन्हा सुरू होतो.

मुदत संपलेल्या कामांना परवान्याची गरजच नसते. लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे मोजावीत. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०११ पासून मोकळे झाले. १९५४ मध्ये गेलेल्या बाबूराव पेंटरांची चित्रे १ जानेवारी २०१५ पासून. वि. स. खांडेकरांचे निधन १९७६ चे, तेव्हा त्यांच्या पुस्तकांसाठी १ जानेवारी २०३७ ची वाट पाहावी लागेल. चित्रपटांची ६० वर्षे मात्र प्रदर्शनापासून मोजतात.

घरच्या वारशाचे काम सर्वांत नाजूक असते. आजोबांनी स्वतः काढलेले फोटो किंवा आजीच्या कवितांची वही यांचा हक्क मृत्युपत्र नसेल तर सगळ्या वारसांकडे मिळून जातो, आणि पुण्यात राहणाऱ्या आत्याला न विचारता धाकट्या काकांनी दिलेला परवाना टिकत नाही. सणाला सगळे एकत्र आले असताना एका कागदावर कामांची यादी, परवान्याचे नाव आणि सर्वांच्या सह्या घ्याव्यात. मग फोटो ६०० डीपीआयवर (इंचामागे ६०० ठिपके) स्कॅन करावेत, आणि प्रत्येक फोटोची मागची बाजूही स्कॅन करावी, कारण स्टुडिओचा शिक्का, तारीख आणि शाईने लिहिलेली नावे तिथेच असतात.