इंजिनिअरिंग कॅपची फाइल: रिझल्टनंतर नाही, अकरावीतच उघडा

मागच्या वर्षी, म्हणजे २०२५ ला, धाकट्या भावाचं इंजिनिअरिंगचं ॲडमिशन कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झालं आणि ते जवळपास सगळं मीच केलं, कारण आईबाबांना पोर्टल म्हटलं की घाम फुटतो आणि तो स्वतः सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) संपल्यावर पंधरा दिवस नुसता झोपून होता. तेव्हापासून ओळखीपाळखीतले बारावीवाल्यांचे आईबाप मलाच फोन करतात, काय काय लागतं गं, कधीपासून लागायचं. प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहून काढतेय. अभ्यासाचं मी काही सांगणार नाही, त्याला क्लासवाले आहेत. हे घरच्यांच्या वाट्याचं काम आहे.

तरी परीक्षेचं दोन ओळीत सांगते, कारण कित्येक पालकांना तेवढंही माहीत नसतं. पीसीएम ग्रुपची सीईटी २०० मार्कांची, फिजिक्स-केमिस्ट्रीचे पन्नास पन्नास प्रश्न एकेक मार्काला नव्वद मिनिटांत आणि मॅथ्सचे पन्नास प्रश्न दोन दोन मार्काला आणखी नव्वद मिनिटांत. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडून यायचं नाही, हे पोराला दारातून निघताना पण सांगा. हातात येतं ते पर्सेंटाइल, टक्के नव्हे. चार लाखांच्या वर पोरं पीसीएमला बसतात, तेव्हा ९९ पर्सेंटाइल म्हणजे सुद्धा चारेक हजार जण पुढे उभे आहेत असं समजायचं, आणि आमच्या काकांसारखं ९९ टक्के मिळाले म्हणून पेढे वाटून पुण्याच्या सीओईपी कॉलेजची स्वप्नं बघत बसायचं नाही. आणि बारावीचा बोर्ड सोडून देऊ नका, ओपनला पीसीएममध्ये ४५ टक्के आणि राखीवला ४० लागतातच, सीईटीत कितीही झळकलात तरी.

आता कागद. सगळ्यात आधी, अगदी आज संध्याकाळी, पोराचा दहावीचा मार्कशीट, एलसी (शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला), आधार आणि असेल तर जातीचा दाखला टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि नाव अक्षर अक्षर लावून बघा. पोराचं, बापाचं, आईचं, आडनाव. आमच्याकडे बाबांच्या नावातला उकार एका कागदावर ऱ्हस्व आणि दुसऱ्यावर दीर्घ, आणि इंग्रजीत एकीकडे यू तर दुसरीकडे डबल ओ. शाळेत उकारासाठी हातावर पट्ट्या खाल्ल्या तेव्हा वाटायचं कशाला एवढं, तर यासाठी. अर्ज तपासणीत परत आला आणि मग ॲफिडेव्हिट करा, स्टॅम्प पेपर आणा, भर पावसात दोन दिवस गेले. हेच दिवाळीच्या सुट्टीत केलं असतं तर चहा पिता पिता झालं असतं.

डोमिसाइल, म्हणजे अधिवासाचा दाखला, काढून ठेवा. दहावी-बारावी महाराष्ट्रातून केलेल्या पोराच्या एलसीवर जन्मठिकाण महाराष्ट्रातलं असेल तर त्यावर भागतं, पण काढलेलं बरं, पुढे नोकरीला पण लागतं. एलसीवर नॅशनॅलिटी भारतीय असं लिहिलंय का ते बघा, नसेल तर कॉलेजला सांगून लिहून घ्या.

आता जे राखीव प्रवर्गातून फॉर्म भरणार आहेत त्यांनी जरा बूड टेकून वाचा, कारण सगळ्यात जास्त पोरं इथेच अडकतात. नुसता जातीचा दाखला चालत नाही, कास्ट व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचं सर्टिफिकेट लागतं, आणि ती आठ दिवसांत मिळणारी गोष्ट नाही. अकरावीत ॲडमिशन झालं की लगेच कामाला लागा. ऑनलाइन अर्ज, नमुना १६, सोबत शपथपत्रं नमुना ३ आणि १७, आणि ज्युनिअर कॉलेजकडून सही-शिक्क्याचा १५ए, तो मुलगा खरंच तिथे सायन्सला शिकतोय म्हणून. मग सगळी फाइल जिल्हा जात पडताळणी समितीकडे. एसटीवाल्यांची समिती वेगळी असते, ते बघून जा.

पण खरी मेहनत आहे ती जुन्या पुराव्याची. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, एससीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, व्हीजेएनटीला (विमुक्त-भटक्यांना) २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा कागद असेल तर काम सोपं होतं. म्हणजे आजोबा किंवा पणजोबा. आमचं गाव पाटण तालुक्यातलं, आजोबा तिथल्याच शाळेत चौथीपर्यंत शिकलेले, तर मी आणि बाबा पहाटेची एसटी धरून गेलो. हेडमास्तरांनी लोखंडी कपाट उघडलं, आतून जनरल रजिस्टर काढलं, कडा वाळवीने खाल्लेल्या, पानं हात लावला तर भुगा होईल अशी. साल विचारलं तर बाबा म्हणाले असेल चाळीस-बेचाळीसचं, आणि मग आम्ही तिघं एकेक पान उलटत बसलो. दीड तासाने आजोबांचं नाव सापडलं, निळ्या-काळ्या शाईत, पुढे जात स्पष्ट लिहिलेली, आणि शेरा म्हणून शाळा सोडण्याचं कारण, घरकाम. बाबा तिथेच गप्प झाले. त्या नोंदीचा उतारा घेतला, शिक्का मारून घेतला, आणि शिवाय तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून जन्ममृत्यूच्या नोंदीची नक्कल मिळते ती पण मागितली. ती मोडी लिपीत निघाली. मोडी वाचणारा माणूस गाठून लिप्यंतर करून घ्यावं लागलं, त्यात आठवडा गेला. तुमच्याकडे पण असा कागद निघाला तर घाबरू नका, जुन्या मोडी नोंदीला वजन असतं.

घरात सख्ख्या चुलत्याची, आत्याची, चुलतभावाची व्हॅलिडिटी आधीच झालेली असेल तर तिची कॉपी वंशावळीसकट जोडा, निम्मं काम तिथेच होतं. मात्र भावकीत बोलणं बंद असेल तर ते आधी सुरू करा. हसण्यावारी नेऊ नका, आमच्याकडे एका कॉपीसाठी आईला सहा वर्षांनी जावेच्या दारात जावं लागलं.

एससी-एसटी सोडून बाकीच्या राखीव प्रवर्गांना नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे उत्पन्न मर्यादेत असल्याचं सर्टिफिकेट पण लागतं, आणि त्याच्यावरची तारीख डोळ्यात तेल घालून बघा. ॲडमिशनच्या वर्षात सुरू झालेलं आर्थिक वर्ष संपेपर्यंत, म्हणजे पुढच्या ३१ मार्चपर्यंत ते वैध पाहिजे. मार्चमध्येच संपणारं सर्टिफिकेट घेऊन जूनमध्ये येणारे मी सेंटरवर तीन-चार तरी बघितले, बिचाऱ्यांना वाटतं आहे ना आपल्याकडे. त्यासाठी तीन वर्षांच्या उत्पन्नाचा कागद तहसीलमधून आधी, मग प्रांताधिकाऱ्याकडे. एप्रिल उजाडला की लगेच टाका, जूनमध्ये सेतूत पाय ठेवायला जागा नसते. सरकार कधी कधी अर्जाच्या पावतीवर मुदत देतं हे खरं, पण त्याच्या भरवशावर राहू नका, दिलेल्या तारखेला ओरिजिनल नाही आलं तर सरळ ओपनमध्ये टाकतात आणि मिळालेली सीट हातातून जाते. ईडब्ल्यूएसवाल्यांनी (आर्थिक दुर्बल घटक) पण राज्याच्या नमुन्यातलं आणि चालू वर्षाचंच सर्टिफिकेट घ्या.

उत्पन्नाचा दाखला सगळ्यांनीच काढा, ओपनवाल्यांनी सुद्धा. आठ लाखाच्या आत उत्पन्न असेल तर टीएफडब्ल्यूएस नावाचा प्रकार आहे, तिथे जात बघत नाहीत, ट्यूशन फी माफ होते, बाकीची फी भरायची. सीट मोजक्याच, मंजूर जागांच्या पाच टक्के आणि त्याही जादाच्या, त्यामुळे कटऑफ चढा असतो. फॉर्म भरताना त्याला हो म्हणायला विसरलात तर नंतर रडून उपयोग नाही. आणि मुलींच्या आईबापांनो, २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना आठ लाखाच्या आत उत्पन्न असेल तर ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण ॲडमिशन कॅपमधून झालेलं पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं तर स्कॉलरशिपचा विषयच संपला. मुलाला फक्त दहा मिनिटं घालवून हे बघायला सांगा, किती लाखांचा फरक पडतो ते कळेल.

स्कॅनिंग घरच्या मोबाइलवर चादरीवर ठेवून करू नका. कडा कापलेल्या, सावली पडलेली, शिक्का पुसट, असं आलं की ई-स्क्रूटिनीत, म्हणजे कागदांच्या ऑनलाइन तपासणीत, परत पाठवतात. ज्यांना ऑनलाइनची धास्ती वाटते त्यांनी सुविधा केंद्राची वेळ घेऊन प्रत्यक्ष तपासणी करावी, समोर माणूस असतो, चूक तिथल्या तिथे कळते. आमचं ऑनलाइन होतं, परत आल्याचा मेसेज धाकट्याच्या मोबाइलवर आला आणि त्याने तो दुसऱ्या दिवशी बघितला. म्हणून फॉर्मला नंबर आईचा किंवा बाबांचा द्या, जो माणूस मेसेज वाचतो त्याचा. तात्पुरती मेरिट लिस्ट लागली की नाव, प्रवर्ग, पर्सेंटाइल, सगळं तपासा, तक्रार करायला मोजके दिवस देतात, फायनल लिस्ट लागली की संपलं.

आता ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज आणि ब्रँचच्या पसंतीची यादी. मागच्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ सीईटी सेलच्या साइटवर फुकट मिळते, त्यासाठी कुणा काउन्सेलरला पंधरा-वीस हजार द्यायची गरज नाही, माझं स्पष्ट मत. कोड वाचायला शिका फक्त. जीओपीईएनएस म्हणजे जनरल, ओपन, स्टेट लेव्हल. पहिलं अक्षर एल असेल तर ती लेडीजची सीट. शेवटी एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची. मुलगी असेल तर एल आणि जी दोन्ही ओळी बघा, कित्येक जण जीची ओळ बघून आपल्याला लागणार नाही म्हणत बसतात. टीएफडब्ल्यूएसचा चॉइस कोड शेवटी टी लागून वेगळा असतो, तो वेगळा भरावा लागतो.

तीनशेपर्यंत ऑप्शन भरता येतात. आमच्याकडे मी वहीचे कागद फाडून प्रत्येकावर एक कॉलेज आणि ब्रँच लिहिली आणि जेवणाच्या टेबलावर पसरली, धाकट्याला म्हटलं लाव तुला हवं तसं. बाबांचा हट्ट कम्प्युटरच पाहिजे, कुठलंही कॉलेज चालेल. त्याला हवं होतं सीओईपीचं मेकॅनिकल, कारण १८५४ चं कॉलेज आणि रोइंगचा बोट क्लब. रात्री साडेबारापर्यंत कागद वरखाली होत होते, बाबा पाणी प्यायला उठायचे आणि जाता जाता एक कम्प्युटर दोन घरं वर सरकवायचे. शेवटी धाकट्याच्याच मनासारखं भरलं. एक गोष्ट लक्षात ठेवा, वर अवघड कॉलेज टाकलं म्हणून खालचं हातचं जात नाही, सिस्टीम मेरिटप्रमाणे तुमच्यापर्यंत आली की तुमच्या यादीत वरून खाली बघत येते आणि जे पहिलं शिल्लक दिसतं ते देते. त्यामुळे कटऑफ बघून क्रम लावायचा नाही, आवडीने लावायचा, आणि कटऑफ बघून फक्त खाली पुरेशी सेफ कॉलेजं आहेत का तेवढं तपासायचं.

पण २०२५ ला नियम बदलला ते समजून घ्या, तुमच्या वर्षीचं माहितीपत्रक पण वाचाच. आधी तीन राऊंड असायचे, तेव्हा चार झाले. पहिल्या राऊंडला पहिला ऑप्शन लागला तर ऑटो फ्रीज, दुसऱ्याला पहिल्या तीनपैकी, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी काही लागलं तरी ऑटो फ्रीज. म्हणजे ती सीट घ्यायचीच, बेटरमेंट, म्हणजे पुढच्या राऊंडला यादीतलं आणखी वरचं, मागता येत नाही. पूर्वी लोक यादी भरायची म्हणून वरचे पाच-सहा कसेही टाकायचे, तसं आता करू नका. शेजारच्या काकूंच्या मुलाने मित्राचं बघून एक ब्रँच तिसऱ्या नंबरला टाकली, दुसऱ्या राऊंडला तीच लागली आणि आता तो तेच शिकतोय. प्रत्येक राऊंडच्या आधी यादी नव्याने भरता येते, ती भरा.

सीट लागली की ॲक्सेप्टन्स फी ऑनलाइन भरून मग कॉलेजला प्रत्यक्ष रिपोर्टिंग. मुदत फार थोडी असते, त्या आठवड्यात लग्न, वास्तुशांत, गावची जत्रा काही ठेवू नका. फाइलमध्ये ओरिजिनल, प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स, डझनभर फोटो, काळं पेन आणि फेविस्टिक. गॅप पडलेला असेल तर गॅपचं ॲफिडेव्हिट. ओरिजिनल लॅमिनेट करू नका. एलसी कॉलेजला जमा होते आणि लवकर परत येत नाही, तर आधी भरपूर झेरॉक्स काढा, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर स्कॉलरशिपचा फॉर्म भरताना लागते. त्यासाठी पोराचं बँक खातं आधारला जोडलेलं पाहिजे, ते पण आत्ताच करून टाका, आमचं तीन महिने त्यातच लटकलं होतं.

धाकट्याला सीओईपीचं मेकॅनिकल तिसऱ्या राऊंडला लागलं. काकांची मुलगी आता अकरावीत आहे. तिच्या व्हॅलिडिटीच्या फाइलला त्याच्या व्हॅलिडिटीची कॉपी आणि आजोबांच्या रजिस्टरचा उतारा जोडून ठेवलाय, १५ए वर कॉलेजची सही तेवढी राहिलीय, क्लार्क सोमवारी या म्हणालाय.