साखळी दुकानांच्या बायरकडून उत्तर कसे मिळवावे

मोठ्या साखळी दुकानांत प्रत्येक विभागाचा खरेदी अधिकारी, म्हणजेच बायर, बहुधा वेगळा असतो; त्यामुळे उदाहरणार्थ कोकम आगळाचा (कोकमाच्या घट्ट रसाचा) प्रस्ताव कंपनीच्या सर्वसाधारण ईमेलवर पाठवण्याआधी सरबते आणि पेये कोण पाहते, याची चौकशी करावी. उन्हाळ्यात खपणाऱ्या मालासाठी मार्चमध्ये लिहिणे म्हणजे वरातीमागून घोडे; दिवाळीच्या सुमारास लिहिलेले बरे.

विषयाच्या ओळीतच ‘कोकम आगळ, ५०० मिली, एमआरपी १८० रुपये’ इतके स्पष्ट लिहावे. आजीच्या पाककृतीची कहाणी पहिल्या पत्रात नको, कारण बायरला आधी हे पाहायचे असते की त्या एमआरपीवर दुकानाला किती मार्जिन सुटते, माल किती महिने टिकतो, एका खोक्यात किती बाटल्या बसतात आणि महिन्याला किती खोकी खात्रीने पुरवता येतील. एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक, जीएसटी क्रमांक आणि बाटलीवरचा बारकोड (बारकोड क्रमांक देणाऱ्या जीएस१ इंडिया या संस्थेकडून घेतलेला असल्यास तो ८९० ने सुरू होतो) त्याच पत्रात द्यावेत.

नमुना पाठवताना विक्रीचीच बाटली, विक्रीच्याच लेबलसह पाठवावी. आठवडाभरात उत्तर न आल्यास नुसते ‘पाहिलेत का?’ असे न विचारता स्थानिक दुकानांतील महिन्याच्या विक्रीचे आकडे पाठवावेत. होकार आल्यावर घाईने सही करू नये. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाला कमाल ४५ दिवसांत पैसे मिळण्याची तरतूद २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यात आहे, हे करार वाचताना ध्यानात ठेवावे.