'डोक्यावर घेणे' कुठे शोभतं, कुठे फसतं

लोकांनी एखाद्याला भरभरून प्रेम दिलं, तो जाईल तिथे गर्दी झाली, की त्याला लोकांनी डोक्यावर घेतलं असं आपण म्हणतो. १९८३ साली विश्वचषक जिंकणाऱ्या कपिल देवच्या संघाला देशाने डोक्यावर घेतलं. कर्ता बहुतेक वेळा समूह असतो: प्रेक्षक, वाचक, गाव, देश. एकट्या माणसाबद्दल लिहायचं असेल तर 'काकांना त्याचं फार कौतुक' हेच बरं.

चुका जास्त होतात त्या लिंगाच्या. माणसाला 'ला' लावला की क्रियापद नपुंसकलिंगीच राहतं: 'रसिकांनी त्या गायिकेला डोक्यावर घेतलं'. इथे 'घेतली' लिहू नका. नाटक-सिनेमाला मात्र सहसा 'ला' लावत नाहीत, मग क्रियापद त्याच्या लिंगाप्रमाणे चालतं: सिनेमा डोक्यावर घेतला, मालिका डोक्यावर घेतली, नाटक डोक्यावर घेतलं. बातमीत 'डोक्यावर घेतले गेले' असा कर्मणी प्रयोग दिसतो, तो टाळा. कुणी घेतलं हेच गायब झालं तर वाक्यातला जीव जातो.

आता सगळ्यात मोठा खड्डा. 'गावाने त्याला डोक्यावर घेतलं' म्हणजे मान दिला. 'त्याने गाव डोक्यावर घेतलं' म्हणजे आरडाओरडा करून गोंधळ घातला. घर, शाळा, वर्ग अशी जागा कर्म झाली की अर्थ असा उलटतो. क्रियापद बदललं तरी तेच: 'डोक्यावर बसवलं' म्हणजे नको तेवढे लाड केले. भाषा भारदस्त करायला 'शिरावर घेतलं' लिहाल तर वाचकाला जबाबदारी आठवेल. आणि एका प्रत्ययाने काय होतं पाहा: यश डोक्यात गेलं, म्हणजे माणूस चढून गेला.

'उदोउदो' हा शब्द जवळचा वाटतो. देवीच्या जयघोषातला 'उदो उदो' तो हाच. पण रोजच्या लिखाणात त्याला नापसंतीची छटा आली आहे. 'त्याचा उदोउदो चाललाय' म्हणणाऱ्याला ते कौतुक अति वाटत असतं. मनापासून गौरव करायचा असेल तिथे तो वापरू नये. तोंडावर खोटी स्तुती करून फुगवणं याला 'हरभऱ्याच्या झाडावर चढवणं' आहेच. जाणकारांनी मोजून केलेल्या स्तुतीला 'नावाजलं' किंवा 'वाखाणलं' पुरतं, तिथे डोकं मध्ये आणायची गरज नाही. आणि लोक आलेच नाहीत, तर 'डोक्यावर घेतलं नाही' असं लिहिण्यापेक्षा सरळ 'प्रेक्षकांनी पाठ फिरवली' लिहा.