व्हायटल्स मोजताना: आकडा रुग्णाचाच यावा म्हणून

व्हायटल्स म्हणजे ताप, ऑक्सिजन, नाडी, श्वास आणि रक्तदाब ही पाच मोजमापे. त्यांतला रक्तदाब सगळ्यांत शेवटी घ्या. त्याआधी रुग्णाने निदान पाच मिनिटे शांत बसायला हवे, आणि ताप, ऑक्सिजन, नाडी, श्वास हे चारही त्या पाच मिनिटांत मोजून होतात. रुग्ण जिना चढून किंवा बाथरूमला जाऊन आल्याबरोबर दंडाला पट्टा बांधला, तर येणारा आकडा त्या धावपळीचा असतो.

सुरुवात थर्मामीटरने करा, कारण त्यालाच वेळ लागतो. काख पुसून कोरडी करा, पण रगडू नका. रगडल्याने कातडी गरम होते. थर्मामीटरचे टोक काखेच्या खोलगट भागात मधोमध ठेवा, मध्ये कपडा येऊ देऊ नका आणि दंड छातीला चिकटवून ठेवा. बीप होईपर्यंत काढायचा नाही. काखेतले तापमान तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा अंश सेल्सिअस, म्हणजे जवळपास एक अंश फॅरनहाइट कमी येते. हा फरक मनाने मिळवून लिहू नका. दिसला तोच आकडा लिहा आणि पुढे ‘काख’ अशी नोंद करा. तोंडात मोजायचे असेल तर थर्मामीटर जिभेखाली एका बाजूला, मागच्या अंगाला ठेवा आणि ओठ मिटलेले हवेत. नुकतेच गरम किंवा गार काही प्यायले असेल तर पंधरा-वीस मिनिटे थांबा. लहान मूल, गुंगीतला रुग्ण किंवा फिट येणारा माणूस यांच्या तोंडात थर्मामीटर देऊ नये.

३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) आणि त्यापुढे ताप धरतात. तीन महिन्यांखालच्या बाळाला एवढा ताप आला तर घरी वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे न्यावे. वयस्कर माणसात याच्या उलटही घडते: जंतुसंसर्ग गंभीर असूनही ताप येत नाही, उलट अंग गार पडू शकते. अशा वेळी नव्याने सुरू झालेली असंबद्ध बडबड आणि वाढलेला श्वास या दोन गोष्टींवरून जास्त कळते.

थर्मामीटर काखेत असतानाच दुसऱ्या हाताच्या बोटाला ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारे छोटे यंत्र) लावा. बोट गरम हवे आणि नखाला रंग नको. हात मांडीवर किंवा उशीवर टेकलेला असू द्या. लावल्याबरोबर दिसणारा आकडा घ्यायचा नाही. अर्धा-एक मिनिट थांबून स्थिरावलेला घ्यायचा. खरेखोटे तपासायचा सोपा मार्ग असा: यंत्रावर दिसणारे ठोके आणि तुम्ही बोटांनी मोजलेले ठोके जुळत नसतील, तर ऑक्सिजनच्या आकड्यावरही विसंबू नका. बोट चोळून गरम करा, बोट बदला आणि पुन्हा पाहा. बीपीचा पट्टा बांधलेल्या हाताला ऑक्सिमीटर लावू नये, कारण पट्टा फुगला की बोटाकडे जाणारे रक्तच थांबते.

निरोगी प्रौढात ९५ ते १०० टक्के अपेक्षित असते. सीओपीडीसारख्या जुनाट फुप्फुसविकारात डॉक्टर अनेकदा ८८ ते ९२ हेच लक्ष्य ठरवून देतात, तेव्हा त्या रुग्णासाठी सांगितलेला आकडा पाळा. दोन मर्यादा लक्षात असू द्या. त्वचा गडद असेल तर ऑक्सिमीटर प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतो. आणि बंद खोलीत धूर किंवा शेगडीमुळे कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झाली असेल, तर जीव धोक्यात असतानाही तो ९८-९९ दाखवत राहतो.

नाडी अंगठ्याच्या बाजूला, मनगटाच्या सुरकुतीच्या जरा वर पाहा. तर्जनी, मधले बोट आणि अनामिका हलकेच टेकवा. स्वतःचा अंगठा वापरू नका. त्याचेच ठोके जाणवून गफलत होते. जोरात दाबले तर नाडी लागतच नाही. लय एकसारखी असेल तर ३० सेकंद मोजून दुप्पट करा. ठोका मध्येच चुकत असेल किंवा लय वेडीवाकडी असेल तर पूर्ण एक मिनिट मोजा आणि ‘अनियमित’ असे लिहा. प्रौढात विश्रांतीच्या वेळी ६० ते १०० ठोके ठीक. कसलेल्या खेळाडूत किंवा बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या) गोळ्या घेणाऱ्यात ५० च्या आसपासही दिसतात. ताप एक अंश सेल्सिअसने चढला की नाडी मिनिटाला साधारण दहाने वाढते. ताप बेताचा आणि नाडी मात्र १३० असेल, तर कारण केवळ ताप नाही असे समजावे.

आता श्वास. पाचांतला हाच सर्वांत दुर्लक्षित, आणि प्रकृती बिघडू लागली की बहुतेकदा हाच आधी बदलतो. तरीही कागदावर अंदाजे १८ किंवा २० लिहून पुढे जायची सवय फार रुळली आहे, आणि ती मोडायलाच हवी. ‘आता श्वास मोजतो’ असे सांगितले की माणूस नकळत वेगळा श्वास घेऊ लागतो. म्हणून नाडी मोजून झाल्यावर बोटे मनगटावरच राहू द्या आणि नजर छातीवर न्या. छाती वर गेली, खाली आली, हा एक श्वास. पांघरुणामुळे दिसत नसेल तर रुग्णाचाच हात त्याच्या छातीवर ठेवा आणि हाताची हालचाल मोजा. पूर्ण ६० सेकंद मोजा. नेहमीची कक्षा १२ ते २० इतकी अरुंद आहे, त्यामुळे १५ सेकंद मोजून चौपट केले तर एका श्वासाची चूक चारची होते.

ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या न्यूज-२ गुणपद्धतीत (प्रकृती जितकी बिघडलेली तितके गुण जास्त) श्वास २५ किंवा जास्त, अथवा ८ किंवा कमी असेल, तर त्या एका निकषाचे कमाल गुण दिले जातात. संख्येबरोबर धडपडही पाहा: बरगड्यांमधली जागा आत ओढली जाणे, मानेचे स्नायू ताणले जाणे, नाकपुड्या फुलणे, एक वाक्य सलग बोलता न येणे. बाळाचे श्वास पोटाच्या हालचालीवरून, ते शांत असताना मोजा. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६०, दोन ते अकरा महिने ५०, एक ते पाच वर्षे ४० किंवा त्याहून जास्त असतील, तर श्वास जलद चालला आहे असे जागतिक आरोग्य संघटनेचे निकष सांगतात.

एव्हाना पाच मिनिटे झालेली असतात. आधीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नको, आणि लघवी तुंबलेली नको. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. दंड उघडा ठेवा; बाही वर गुंडाळून तिचाच फास होणार असेल तर काढूनच टाका. हात टेबलावर किंवा उशीवर असा ठेवा की पट्टा हृदयाच्या पातळीवर येईल. हात खाली लोंबत राहिला तर आकडा चढतो, हृदयाच्या वर गेला तर उतरतो. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन-तीन सेंटीमीटर वर असावी. आत फुगणारी पिशवी दंडाचा निदान ८० टक्के घेर व्यापणारी हवी. जाड दंडाला छोटा पट्टा लावला की रक्तदाब खोटाच जास्त येतो, आणि विनाकारण गोळ्या वाढण्याचे हे एक कारण ठरू शकते. मोजताना रुग्णानेही बोलायचे नाही आणि तुम्हीही नाही.

स्टेथोस्कोपने घेत असाल तर आधी मनगटाची नाडी धरून पट्टा फुगवा. नाडी जिथे नाहीशी होते त्याच्या २०-३० मिलिमीटर (रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) वर जा, मग सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर या वेगाने हवा सोडा. पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, आवाज पूर्ण थांबतो तो खालचा. नाडी न धरता अंदाजाने फुगवले तर काहींच्या ठोक्यांमध्ये मध्येच पडणारा खंड फसवतो आणि वरचा आकडा फार कमी लिहिला जातो. हवा भराभर सोडली तरी हीच चूक होते.

एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजा. दोन्ही आकडे लिहा आणि त्यांची सरासरी काढा. पहिल्या भेटीत दोन्ही हातांत पाहा. पुढे ज्या हातात जास्त येतो तोच धरा. डायलिसिसची फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) असलेल्या हाताला पट्टा बांधायचा नाही. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर शक्यतो दुसरा हात घ्या. नाडी अनियमित असेल तर स्वयंचलित यंत्राचे आकडे पुढेमागे होतात, म्हणून तीनदा घ्या. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा जास्त येत राहिली तर डॉक्टरांना दाखवा. १८०/१२० च्या पुढे आकडा आणि सोबत छातीत दुखणे, दम, तोंड वाकडे होणे किंवा बोलणे अडखळणे असेल तर पुन्हा मोजत बसू नका, रुग्णवाहिका बोलवा.

एकटा रक्तदाब चांगला म्हणून निर्धास्त होऊ नये. रक्तस्राव होत असताना किंवा अंगातले पाणी कमी होत असताना शरीर नाडी आणि श्वास वाढवून दाब बराच काळ टिकवून धरते. दाब घसरतो तो उशिरा. नाडीचा आकडा रक्तदाबाच्या वरच्या आकड्याला गाठू लागला, म्हणजे नाडी ११० आणि वरचा दाब १०५ असे काही दिसले, तर ते तातडीचे समजा. डॉक्टरांना फोन करताना नुसते ‘बीपी ठीक आहे’ असे न सांगता वेळ, पाचही आकडे, मागच्या वेळचे आकडे, ऑक्सिजन लावलेला आहे की नाही, आणि रुग्ण हाक मारल्यावर कसा उत्तर देतो, हे याच क्रमाने सांगा.