चौरस तिरका धरला की मुलं त्याला शंकरपाळी का म्हणतात?

पुठ्ठ्याचा १० सेंटिमीटर बाजूचा चौरस कापून घ्या. सहावीच्या वर्गासमोर सरळ धरला की सगळा वर्ग ‘चौरस’ म्हणतो. तोच हळूहळू फिरवून कोपऱ्यावर उभा करा. आता बरीच मुलं ‘शंकरपाळी’ म्हणतील. बाजू कमी झाली का? कोन बदलला का? मग नाव कधी बदललं? हा प्रश्न विचारून थोडं थांबा, उत्तर लगेच देऊ नका. मुलांनी आजवर चौरस आडव्या रेषेवर बसलेलाच पाहिलेला असतो. त्यांच्या लक्षात गुणधर्म राहत नाहीत, ठेवण राहते. सहावी ते आठवीच्या भूमितीतल्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच सापडतं. म्हणून पहिल्या दिवसापासून फळ्यावरची निदान प्रत्येक तिसरी आकृती तिरकी काढा. (शंकरपाळी म्हणणारं मूल अगदीच चुकलेलं नसतं, कारण चौरस हा समभुज चौकोनही असतोच. पण ती चर्चा चौकोनांचे प्रकार शिकवताना करावी.)

कोनाचंही तसंच. फळ्यावर ६० सेंटिमीटर लांब भुजांचा ४० अंशांचा कोन काढा आणि शेजारी २० सेंटिमीटर भुजांचा ७० अंशांचा. मोठा कोणता, असं विचारलं की अनेक बोटं पहिल्याकडे जातात. भुजेची लांबी म्हणजेच कोन, असा समज पक्का असतो. तो नुसत्या व्याख्येने जात नाही. भिंतीवरचं घड्याळ आणि मनगटावरचं घड्याळ, दोन्हींत तीन वाजलेले दाखवा. काटे लहान-मोठे असले तरी वळण एकच, काटकोनाचं. यानंतरच कोनमापक हातात द्या.

कोनमापकाच्या तीन चुका ठरलेल्या आहेत. पहिली, केंद्रबिंदूऐवजी प्लॅस्टिकची खालची कड शिरोबिंदूवर ठेवणं. बऱ्याच कोनमापकांत शून्याची रेषा कडेच्या थोडी वर असते, म्हणून ती बोट ठेवून ओळखायला लावा. दुसरी, उलटी मापनश्रेणी वाचून ५० च्या जागी १३० लिहिणं. यावर एकच सवय लावा: मोजण्याआधी ‘लघुकोन’ की ‘विशालकोन’ हे मोठ्याने म्हणायचं. तिसरी, भुजा आकड्यांपर्यंत पोहोचत नाही म्हणून अंदाजे काहीतरी लिहिणं. पट्टीने भुजा वाढवता येते आणि त्याने कोन वाढत नाही, हे घड्याळ पाहिलेल्या वर्गाला लगेच पटतं.

त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज मोजून काढली की १७८, १८१ अशी उत्तरं येतात आणि मुलं गुपचूप खाडाखोड करून १८० करतात. तसं करू देऊ नका. जे आलं तेच लिहायला लावा. मग कागदी त्रिकोणाच्या तिन्ही कोपऱ्यांवर आधी खुणा करून कोपरे हाताने फाडा आणि शिरोबिंदू एकत्र जुळवा, म्हणजे तिन्ही कोन मिळून सरळ रेष, १८० अंश, होते. कात्रीने कापले तर सरळ कडा वाढतात आणि मूळ कोपरा कोणता हे कळेनासं होतं. अर्थात ही सिद्धता नव्हे, हे स्पष्ट सांगा. समांतर रेषा शिकवून झाल्या की शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढून व्युत्क्रम कोनांनी (समांतर रेषांच्या आत, छेदिकेच्या विरुद्ध बाजूंना असणारे समान कोन) सिद्धता पूर्ण करा.

रचनेत ४, ५, ६ सेंटिमीटरचा त्रिकोण चांगला जमतो. कंस जुळत नाहीत तेव्हा दोष बहुधा कंपासच्या सैल स्क्रूचा असतो. कंस काढल्यावर कंपास पुन्हा पट्टीवर ठेवून माप तपासायचं आणि कंस पुसायचे नाहीत. नंतर ३, ४, ८ द्या. कंस एकमेकांना भेटतच नाहीत, आणि का भेटत नाहीत हे मुलं स्वतःच शोधतात. ३, ४, ७ मात्र घरी करायला द्या.

सर्वांत जास्त वेळ उंचीला द्या, घाई करू नका. ‘पाया’ म्हणजे खालची बाजू, ही समजूत क्षेत्रफळात फार नडते. १३, १४, १५ सेंटिमीटर बाजूंचा पुठ्ठ्याचा त्रिकोण टेबलावर एकेका बाजूवर उभा धरा आणि वरच्या टोकातून गवंड्याच्या ओळंब्यासारखा, खडा बांधलेला दोरा सोडा. १४ च्या पायावर उंची १२ येते, १५ वर ११.२, १३ वर साधारण १२.९. क्षेत्रफळ प्रत्येक वेळी ८४ चौरस सेंटिमीटरच्या आसपास येतं. मग ४, १३, १५ चा त्रिकोण घ्या. तो ४ च्या बाजूवर हाताने धरून ठेवावा लागतो, कारण सोडला की पडतो. दोरा पायावर पडत नाही, पायाच्या टोकापासून ५ सेंटिमीटर बाहेर, टेबलावर पडतो. उंची १२ येते. इथे मुलं अडतात: त्रिकोणाच्या बाहेरची रेषा त्रिकोणाची उंची कशी? तेव्हा तोच त्रिकोण १५ च्या बाजूवर ठेवून पुन्हा मोजायला सांगा. उंची ३.२ येते. दोन्हीकडून क्षेत्रफळ २४ आले की तो वाद त्यांच्यातच मिटतो.