रायफल नळी बदलून दुसऱ्या जातीच्या काडतुसावर न्यायचीय? नळी मागवण्याआधी हे बघून घ्या

सगळ्यात आधी परवाना काढून वाचा. त्यावर कॅलिबर (नळीचं आणि काडतुसाचं माप) लिहिलेलं असेल, तर बदलाची लेखी परवानगी हातात येईपर्यंत रायफलला हात लावू नका.

त्यानंतर नळीचा विचार बाजूला ठेवून काडतुसाचं बूड बघा. जुन्या आणि नव्या काडतुसाची एकेक रिकामी पुंगळी घेऊन कॅलिपरने बुडाच्या कडेचा व्यास मोजा. .३०८ विंचेस्टर, .२४३, ७ एमएम-०८, ६.५ क्रीडमूर या सगळ्यांची कड १२ मिलिमीटरच्या आसपास भरते, म्हणून त्यांच्यात अदलाबदल करताना बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा दांडा) तोच चालतो. .२२३ रेमिंग्टनची कड ९.६ आणि पट्टेवाल्या मॅग्नमची (बुडाजवळ जाड कडं असलेलं जोरदार काडतूस) साडेतेरा. तिकडे वळायचं तर बोल्टचं तोंड आणि एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारी आकडी) दोन्ही बदलावे लागतात. माझ्या मते पहिल्या खेपेला तरी एकाच कुळातलं काडतूस निवडावं.

लांबीही बघा. भरलेलं .३०८ जास्तीत जास्त ७१ मिलिमीटर, .३०-०६ जवळजवळ ८५. आखूड ॲक्शनमध्ये (बोल्ट ज्यात मागेपुढे सरकतो तो रायफलचा सांगाडा) लांब काडतूस मावत नाही, तो बेत तिथेच सोडा. लांब ॲक्शनमध्ये आखूड बसतं, पण मॅगझिनमध्ये पुढेमागे सरकतं. मी हे नळी बसवून झाल्यावर तपासलं होतं, आणि दर तिसरं काडतूस वर येताना तिरकं होऊन अडायचं. दारू आणि प्रायमर नसलेली डमी काडतुसं आधीच भरून बघितली असती, तर दोन महिने वाचले असते.

ॲक्शन जुनी असेल तर दाबाचा प्रश्न सगळ्यांत मोठा. १८९८ च्या माउझरला बोल्टवर तिसरा सुरक्षा-लग (बोल्टला जागेवर अडवून धरणारा खुंट) आहे. १८९३ आणि १८९५ च्या ॲक्शनला तो नाही आणि त्या कमी दाबाच्या काडतुसांसाठी घडवलेल्या आहेत. ६.५ क्रीडमूर किंवा .३०८ ची मर्यादा ६२,००० पौंड प्रति चौरस इंच आहे. नवं काडतूस आत बसतंय म्हणजे ॲक्शन त्याचा दाब सोसेल, असं अजिबात नाही. ईशापूरच्या कारखान्याने १९६० च्या दशकात .३०३ ची ली-एनफिल्ड रायफल ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसावर नेली, तेव्हा पोलादसुद्धा जास्त मजबूत वापरलं.

नळी मागवताना पिळा (नळीच्या आतल्या खाचा किती इंचांत एक फेरा घेतात ते) सांगायला विसरू नका. ६.५ क्रीडमूरच्या लांब गोळ्यांना ८ इंचांत एक फेरा लागतो, .३०८ ला १० किंवा १२ चालतो.

नळी बसवणं आणि हेडस्पेस (बंद बोल्टपुढे चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या घरात, काडतुसाला मिळणारी जागा) जुळवणं हे गनस्मिथचं काम, पण तपासणी होताना समोर उभे राहा. .३०८ चं ‘गो’ गेज (काडतुसाच्या आकाराचा मापाचा ठोकळा) १.६३० इंच आणि ‘नो-गो’ १.६३४, फरक कागदाच्या जाडीएवढा. फायरिंग पिन आणि इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) काढून घेतलेला बोल्ट, हँडलवर फक्त एक बोट. ‘गो’वर हँडल अलगद पूर्ण खाली जायला हवं आणि ‘नो-गो’वर मध्येच थांबायला हवं. जोर लावला तर गेज आणि चेंबर दोन्ही खराब होतात आणि उत्तरही खोटं मिळतं. ‘नो-गो’वर बोल्ट पूर्ण बंद झाला, तर त्या नळीतून एकही गोळी झाडायची नाही.

नळीवर नव्या काडतुसाचं नाव कोरून घ्या, चिकटपट्टी चालणार नाही. जुनी काडतुसं दुसऱ्या कपाटात हलवा, कारण .२४३ चं काडतूस .३०८ च्या चेंबरमध्ये बिनबोभाट शिरतं आणि बोल्टही बंद होतो.